मिरगीचा झटका डॉक्टरला सांगताना या चुका टाळा

"झटका कसा आला?" असं डॉक्टरांनी विचारलं की गावाकडे उत्तर ठरलेलं असतं: पडला, हातपाय झाडले, तोंडाला फेस आला. पण झटका मेंदूभर पसरला की सगळ्यांचाच तसा दिसतो. तो मेंदूच्या एका भागातून उठत असेल, तर तो भाग कळतो पडण्याआधीच्या काही सेकंदांवरून. नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

सगळ्यात जास्त घोळ टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानशिलामागच्या भागाच्या झटक्यात होतो. कापूस वेचता वेचता बाई एकदम थांबते. नजर एकीकडे लागते, तोंड काही चघळल्यासारखं हलतं, बोटं ओटीतला कापूस चिवडत राहतात. हाक मारली तरी ओ देत नाही. मिनिटा-दोन मिनिटांनी भानावर येते, पण काही वेळ गोंधळलेलीच असते. विचारलं तर म्हणते, "पोटातून काहीतरी वर चढलं अन् भेव वाटलं." घरचे म्हणतात, लागिर झालं. खरं तर भीतीचं केंद्र, अमिग्डाला, याच लोबच्या आत असतं. शेजारीच स्मृतीचा हिप्पोकॅम्पस. म्हणून काहींना "हे सगळं आधी घडलंय" असंही वाटतं. कधी नुसताच जळका वास येतो. असं काही होत असेल तर अंगाऱ्यात महिने घालवू नका, ते लक्षण जसंच्या तसं डॉक्टरांना सांगा.

झोपेत अचानक ओरडणं, सायकल चालवल्यासारखे पाय मारणं, अर्ध्या-एक मिनिटात थांबणं, एका रात्रीत पुन्हा पुन्हा तेच होणं: हा फ्रंटल लोबचा, म्हणजे कपाळामागच्या भागाचा झटका असू शकतो. पोराला वाईट स्वप्न पडलं किंवा ते नाटक करतंय असं समजू नका. मोबाइलवर व्हिडिओ काढा. झटका मेंदूच्या खोल घडीतून उठत असेल तर ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची तपासणी, साफ येऊ शकते, म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आहे" एवढ्यावर थांबू नका.

अंगठ्यापासून फडफड सुरू होऊन ती हातावर, मग चेहऱ्यावर चढली, तर कोणता हात ते लक्षात ठेवा. उजवा हात असेल तर बिघाड डाव्या मेंदूत. मेंदूतल्या हालचालीच्या पट्टीत अंगठा आणि ओठांना मोठी जागा असते, म्हणून सुरुवात बहुतेक तिथूनच होते. १९व्या शतकात जॅक्सन या ब्रिटिश डॉक्टरने हा प्रवास नोंदवला. नंतर कधीकधी तो हात काही तास, क्वचित दिवसभरही लुळा राहू शकतो. लकवा समजून तेल चोळत बसू नका आणि आपोआप बरं होईल असंही धरू नका. खरा लकवाही असू शकतो, म्हणून लगेच दवाखाना गाठा.

डोळ्यांपुढे रंगीत गोळे आले की पित्त म्हणून सोडून देतात. ते मेंदूच्या मागच्या, ऑक्सिपिटल लोबच्या झटक्यातूनही येतात.

"आम्ही माळकरी, आमच्या मेंदूत जंत कसा?" हाही गैरसमज. डुकराच्या फीतकृमीची अंडी दूषित पाणी, न धुतलेला भाजीपाला, अस्वच्छ हात यांतून पोटात जातात आणि त्यांतल्या अळ्या रक्तातून मेंदूत पोचतात. भारतात मिरगीचं हे एक मोठं कारण आहे. स्कॅन सांगितला तर टाळू नका.

झटक्यात तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. चुलीपासून, विहिरीपासून दूर करून कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. ५ मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन लावा. आणि दवाखान्यात जाताना, झटका सुरू होताना जो हजर होता त्याला सोबत न्या, मग तो शेतातला गडी का असेना.