पर्यावरणशास्त्राच्या पहिल्या सत्रात मुलं रुळावीत म्हणून

पुण्यात एमएस्सी पर्यावरणशास्त्राला कुणी रसायनशास्त्रातून येतं, कुणी वनस्पतिशास्त्रातून, कुणी भूगोलातून. त्यात बीड-नंदुरबारकडची मराठी माध्यमाची मुलं आणि शहरातली इंग्रजी शाळांतली. दिवाळीपर्यंत वर्गाचे कोपरे ठरून जातात. स्वागत समारंभ कितीही झकास केला तरी हे टळत नाही. आपल्यावाचून गटाचं अडेल असं काम पहिल्या पंधरवड्यातच हातात पडलं, तर बऱ्यापैकी टळतं.

त्यासाठी मुठा नदीवर पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायला न्या: एकदा खडकवासल्याखाली, एकदा संगमाजवळ. चौघांचे गट, विषय मिसळून, यादी शिक्षकांनीच करायची. मुलांवर सोडलं तर होस्टेलची खोली हाच गट होतो. एकाने 300 मिलीची बीओडी बाटली (पाण्यातला ऑक्सिजन मोजण्यासाठीची घट्ट बुचाची काचेची बाटली) काठोकाठ भरायची. बुडबुडा अडकला तर आकडा फुगतो. दुसऱ्याने हातमोजे घालून, पिपेटचं टोक पाण्याखाली धरून आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड अझाइड सोडायचं, प्रत्येकी 2 मिली. बूच लावून बाटली उलटसुलट करायची. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. तिसऱ्याकडे नोंदी, चौथ्याकडे काठाची पाहणी: नाले कुठे मिळतात, कपडे कुठे धुतात.

दुसऱ्या ठिकाणी कामं बदललीच पाहिजेत. नाहीतर वही कायम मुलीच्या हातात, बाटली मुलाच्या, आणि सादरीकरण फाडफाड इंग्रजी बोलणाऱ्याकडे. अहवाल इंग्रजीत असू द्या, पण चर्चा आणि तोंडी परीक्षा मराठीत चालेल हे पहिल्याच तासाला सांगा. फील्डवहीला अंतर्गत गुण ठेवा; गुण नसले की ती कुणी उघडत नाही.

सहलीचा खर्च सत्राच्या सुरुवातीलाच सांगा. पैसे न भरलेल्यांची नावं वर्गात वाचून दाखवू नका. तो मुलगा पुढच्या सहलीला ‘तब्येत बरी नाही’ म्हणून घरीच राहतो. स्वच्छतागृह कुठे आहे ते आधी बघून ठेवा, आणि होस्टेलचं गेट बंद व्हायच्या आत परत या.

हवामानबदल शिकवताना मराठवाड्याच्या मुलाला ‘दुष्काळाबद्दल सांग’ म्हणून उभं करणं सर्रास चालतं. त्याला साक्षीदार करू नका. सगळ्यांनीच आपापल्या तालुक्याच्या पावसाच्या नोंदी काढाव्यात आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणींशी ताडून पाहाव्यात. पुणेकरांनाही सूट नाही. आंबिल ओढ्याचा 2019 चा पूर त्यांच्या वाट्याला आहेच. माळीणसारख्या दरडीवर तास घेताना, वर्गात कुणाच्या घरी असं काही घडलंय का, हे आदल्या दिवशी खाजगीत विचारून घ्या.

सहाव्या आठवड्यात बिननावाच्या चिठ्ठ्या घ्या, प्रश्न एकच: ‘या महिन्यात अभ्यासातलं काही विचारायला कुणी तुझ्याकडे आलं का?’ ‘नाही’ जास्त आले तर गट मोडून नव्याने बांधा; सत्रअखेरीची वाट पाहू नका.