आधी बँकखातं की आधी लाइटबिल?

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही मध्य फ्रान्समधल्या ओबुसाँजवळच्या एका खेड्यात आलो. (ओबुसाँ विणलेल्या भिंतपडद्यांसाठी प्रसिद्ध, २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेली कला.) इथे पहिलंच घोडं अडलं. बँक म्हणे, पत्त्याचा पुरावा म्हणून लाइटबिल आणा. वीजकंपनी म्हणे, आधी खात्याचा 'रिब', म्हणजे बँकखात्याच्या तपशिलांचा कागद द्या. तीन आठवडे नुसते हेलपाटे.

शेवटी 'मेरी'त, म्हणजे नगरपालिकेत गेले. तेही दुपारी साडेबाराला! १२ ते २ कुलूप. परत गेले आणि थेट प्रश्न विचारला, तर बाईंनी मानही वर केली नाही. बाहेर येऊन श्वास घेतला, आत जाऊन आधी 'बोंजूर मादाम' म्हटलं. चेहराच बदलला!

त्यांनीच तोडगा सांगितला. आम्ही सुरुवातीला ज्या आजींच्या माडीवर राहत होतो, त्यांनी 'हे माझ्याकडे राहतात' असं स्वहस्ते लिहून सही केली. सोबत त्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स आणि तीन महिन्यांच्या आतलं त्यांचंच वीजबिल. आजींच्या त्या सहीच्या कागदाला 'आतेस्तासियों देबेर्जमाँ' म्हणतात. तोंडपाठ करून ठेवा.

आठवड्यात खातं उघडलं. आजींना डबाभर शंकरपाळे दिले. आता त्या दर रविवारी रिकामा डबा दारात ठेवून जातात.