केमो चालू असताना लेकराला ताप आला तर

केमोनंतर (कॅन्सरच्या औषधानंतर) आठवड्या-दोन आठवड्यांत जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हाचा ताप कुणाची वाट बघत नाही, म्हणून तुम्हीही वाट बघू नका. अंग गरम लागलं की काखेत थर्मामीटर लावायचा. १००.४ फॅरनहाइट दिसलं की रात्र असो, पाऊस असो, दवाखान्यात निघायचं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय पॅरासिटामॉल नको. ताप दबतो, जंतू तसाच राहतो.

आमचं गाव खानापूरच्या पलीकडे, रात्री बेळगावला जायला वाहन नाही. गाडीवाल्या भाऊजींना आधीच सांगून ठेवलंय. पिशवी खुंटीला: फाईल, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट, स्वेटर, उकळलेलं पाणी. दवाखान्याच्या दारातच सांगा, "केमो चालू आहे, ताप आलाय."

आणि भेटायला येणारे पै-पाहुणे? खोकणाऱ्याला अंगणातूनच परत पाठवा. रुसले तर रुसू देत.