एका हाताने पत्ते काटताना कॅट का सांडतो?

चार्लियर कट, म्हणजे एकाच हाताने कॅटचे दोन भाग करून त्यांची खालीवर अदलाबदल करणे, शिकताना बहुतेकांची चूक पकडीतच होते: कॅट तळहातावर टेकलेला असतो. तो बोटांच्या टोकांवर उंच धरा. एका लांब कडेला अंगठा, समोरच्या कडेला मधले बोट आणि अनामिका, मागच्या आखूड कडेला करंगळी. खाली पोकळी हवीच, नाहीतर सुटलेले पत्ते पडणार कुठे?

अंगठा किंचित सैल करा, खालचे निम्मे पत्ते तळहातात पडतील. आता तर्जनी खाली नेऊन ती गड्डी अंगठ्याकडे ढकला. इथे घाई नको. तिची कड वरच्या गड्डीच्या कडेपलीकडे पूर्ण जाईपर्यंत ढकलत राहायचे. आधीच सोडले की दोन्ही गड्ड्या एकमेकींत अडकतात आणि पत्ते उडतात. कड सुटली की वरची गड्डी आपोआप खाली बसते. मग तर्जनी हळू काढून कॅट मिटवा.

मागून पत्ते निसटत असतील तर करंगळी जागेवर नाही. सुरुवातीला २६ पत्तेच घ्या. हात लहान असेल तर ६३ मिमी रुंदीच्या पोकर पत्त्यांऐवजी ५७ मिमीचे ब्रिजचे पत्ते सोयीचे. सराव गादीवर करा, कोपरे दुमडत नाहीत.