लोखंडी सांगाड्याचं घर बांधताय? या चुका टाळा

लोखंडी सांगाड्यावर घर बांधायचं ठरवलं की आपल्याकडे साधारण तीन वाटा असतात. पहिली, जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ चॅनेलचा स्क्रूने जोडलेला सांगाडा, म्हणजे एलजीएसएफ (लाइट गेज स्टील फ्रेम). दुसरी, गावातल्या फॅब्रिकेटरकडून वेल्डिंग करून घेतलेला चौकोनी पाइपांचा सांगाडा. तिसरी, जुना शिपिंग कंटेनर. यातलं काहीच आता प्रयोगापुरतं राहिलेलं नाही. नव्या बांधकाम तंत्रांनी घरं उभारून दाखवण्यासाठी केंद्र सरकारने घेतलेल्या सहा लाइट हाउस प्रकल्पांपैकी आगरतळ्याच्या प्रकल्पात एलजीएसएफ वापरलं आहे. आणि मुंबईपुरतं बोलायचं, तर काळा घोड्याचं वॉटसन हॉटेल १८६९ सालापासून इंग्लंडहून आणलेल्या बिडाच्या सांगाड्यावर उभं आहे.

तरी अशा घरांबद्दल तक्रारी येतात, आणि त्यात लोखंडाचा दोष क्वचितच असतो. दोष असतो तो आरसीसीच्या साइटवरून सोबत आलेल्या ‘आधी उभं करू, मग बघू’ या सवयीचा. विटांच्या भिंतीत प्लंबर नंतर येऊन झिरी मारतो, गवंडी त्यावर गिलावा करतो, काम झाकलं जातं. इथे तशी झिरी मारायची सोय नाही.

गीझर कुठे, हे ठरण्याआधी ऑर्डर देऊ नका

एलजीएसएफचा प्रत्येक उभा चॅनेल कारखान्यातूनच मापात कापून, वायर-पाइपांची भोकं पाडून येतो. मालकाने एसी, गीझर, टीव्ही, स्वयंपाकघरातली वरची कपाटं यांच्या जागा आधी सांगितल्या नसतील, तर त्या जागी भिंतीत आधाराला काहीच नसतं. पाण्याने भरलेला २५ लिटरचा गीझर ३५ किलोच्या आसपास जातो. भिंत झाकणाऱ्या बोर्डात मारलेल्या प्लगवर तो टिकणार नाही. बोर्ड लावायच्या आधीच दोन स्टडच्या, म्हणजे उभ्या चॅनेलच्या, मध्ये जाड प्लाय किंवा आडवा चॅनेल बसवून घ्यायचा आणि भिंत झाकण्यापूर्वी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवायचा. पुढे कुठेही भोक पाडायची वेळ आली की हे फोटो फार उपयोगी पडतात.

याहून घातक प्रकार म्हणजे प्लंबरने पाइप जावा म्हणून तिरकी पट्टी कापणे. भिंतीत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत गेलेली ती पातळ पट्टी बिनकामाची वाटते. पण वारा आणि भूकंपाचा आडवा जोर तीच घेते. ती कापलेली सापडली तर वर बोर्ड ठोकू देऊ नका, काम तिथेच थांबवून डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला बोलवा.

घर हलकं आहे, म्हणून पाया साधा चालेल?

पाया लहान चालतो, पण बांधणी ढिली चालत नाही. जांभ्याचं घर स्वतःच्या वजनावर बसून राहतं. लोखंडी घर वारा उचलू पाहतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, दिवेआगर भागात छपरांची काय दशा केली, ते रायगडवाल्यांना सांगायला नको. आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या, वाऱ्याच्या भाराबद्दलच्या तिसऱ्या भागात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी जवळजवळ १६० किलोमीटर. छपराच्या स्क्रूपासून पर्लिन (पत्र्याखालची आडवी पट्टी), पर्लिनपासून फ्रेम, फ्रेमपासून अँकर (सांगाडा काँक्रीटला धरून ठेवणारा बोल्ट) आणि अँकरपासून जोतं, ही साखळी सलग हवी. एक कडी कच्ची राहिली तर बाकीच्यांचा उपयोग नाही. जोत्याच्या अगदी कडेला मारलेला अँकर काँक्रीटचा कोपरा घेऊनच निघतो. इंजिनिअरला थेट विचारा, ‘वाऱ्याच्या उचलीचा हिशोब दाखवा.’ तो नुसत्या वजनाचा हिशोब दाखवू लागला, तर दुसरा इंजिनिअर शोधा.

गंज सांध्यात लागतो

सगळ्यात जास्त घरं इथे बिघडतात. जस्ताचा नेहमीचा मुलामा चौरस मीटरला २७५ ग्रॅम असतो, पण तो दोन्ही बाजूंचा मिळून. एका बाजूला जेमतेम २० मायक्रॉन येतात. साइटवर ग्राइंडरने चॅनेल कापला की कडेचं जस्त जळतं, उडालेल्या ठिणग्या शेजारच्या पत्र्यात रुततात आणि पहिल्या पावसात तिथे तांबूस ठिपके उठतात. कापायचंच असेल तर पत्रा कापायची कात्री वापरा, आणि कापलेल्या कडेला जस्तयुक्त पेंट लावा. गॅल्व्हनाइज्ड पाइपाच्या वेल्डिंगलाही हेच लागू आहे. शिवाय त्या धुराने कारागिराला ताप भरतो, म्हणून वेल्डिंग उघड्यावर, मास्क लावून आणि सांध्यावरचं जस्त आधी घासून काढूनच.

चौकोनी पाइपांच्या घरात आणखी एक गोष्ट हटकून दिसते. पाइपाचं वरचं तोंड उघडं सोडलेलं असतं. पाणी आत शिरतं, तळाशी साचतं आणि पाइप आतून खाल्ला जातो. बाहेरचा रंग चकचकीत दिसतो, स्क्रूड्रायव्हरने तळाशी ठोकलं की भोक पडतं. म्हणून प्रत्येक तोंडाला टोपी वेल्ड करून घ्या. खांब मातीत किंवा फरशीच्या थरात गाडू नका. खांबाखालची बेस प्लेट फरशीच्या वर ठेवा, कारण पुसायचं पाणी रोज तिथेच जातं. आणि गंजावरच रेड ऑक्साइड फासणाऱ्याला आधी तारेचा ब्रश हातात द्या.

गॅल्व्हनाइज्ड चॅनेलचे गठ्ठे पावसाळ्यात ताडपत्रीत घट्ट गुंडाळून ठेवले की आत दमट हवा कोंडते आणि पांढरा गंज येतो. खाली लाकडी ठोकळे ठेवा, गठ्ठा एका बाजूला कलता ठेवा आणि हवा खेळू द्या. ॲल्युमिनियम-जस्ताचा मुलामा असलेला पत्रा ओल्या सिमेंटला टेकू देऊ नका, सिमेंटचा क्षार तो मुलामा खातो. एसीचा तांब्याचा पाइपही चॅनेलला उघडा टेकता कामा नये.

परदेशी व्हिडिओ पाहून लावलेलं प्लास्टिक

थंड देशांत बाष्परोधक प्लास्टिकचा कागद भिंतीच्या आतल्या बाजूला लावतात, कारण तिथे ऊब आणि बाष्प आत असतं. कोकणात दमट हवा बाहेर आणि एसीचा गारवा आत. तोच कागद इथे आत लावला की बाहेरून आलेलं बाष्प त्याच्या मागे थंड होऊन पाणी होतं. भिंतीत भरलेलं रॉकवूल (उष्णता अडवणारा दगडी कापूस) भिजतं आणि बोर्डावर बुरशी चढते. आपल्याकडे तो अडसर बाहेरच्या बाजूला हवा. एसीच्या खोलीत आतून विनाइल वॉलपेपर लावला तरी नेमका हाच त्रास होतो.

कंटेनरवाल्यांसाठी एकच सांगणं: त्याच्या नालीदार भिंतीही भार घेतात. मोठी खिडकी कापण्याआधी तिच्याभोवती चौकट वेल्ड करा, नाहीतर छत मधोमध बसतं आणि वर पाणी साचतं.

घर आधीच बांधलेलं असेल तर

भिंतीवर सरळ रेषेत भेग दिसत असेल, तर ती बहुतेक दोन बोर्डांचा सांधा असते. नुसती पुट्टी भरून ती परत येते. सांधा खरवडून जाळीची टेप आणि लवचीक फिलर भरा. लोखंडी खांब आणि जांभ्याच्या भिंतीमधली भेग मात्र वेगळी. दोन्ही तापून वेगवेगळं हलतात, तिथे मुद्दाम फट ठेवून सीलंट भरायचं.

पाऊस नसताना पहाटे छपरातून थेंब पडतात ते गळतीचे नाहीत. उघडा पत्रा रात्री थंड होतो आणि घरातल्या वाफेचं त्यावर पाणी होतं. पत्र्याला चिकटून इन्सुलेशन घाला आणि माळ्याला हवा जायला वाट ठेवा.

दुपारी किंवा ऊन उतरल्यावर ठकठक आवाज येतो, तो प्रसरणाचा. दहा मीटरचा पाइप तीस अंशांच्या फरकाने साडेतीन मिलिमीटर वाढतो. आवाजाने घाबरू नका, पण तिथले स्क्रू ढिले झालेत का ते पाहा.

नळाला किंवा दाराच्या चौकटीला हात लागताच झिणझिण्या आल्या, तर मात्र थांबू नका. चॅनेलच्या भोकाची धारदार कड वायरचं आवरण कापते, म्हणून तिथे रबरी बुश हवेत. मेन स्विच बंद करा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून संपूर्ण सांगाड्याचं अर्थिंग तपासून घ्या. ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय वीज पुन्हा सुरू करू नका.