जवळच्या माणसाच्या शोकसभेत बोलायचं असेल तर

'चार शब्द तूच बोल,' असं घरातलं कोणीतरी सांगतं, आणि हाताशी जेमतेम एक-दोन दिवस असतात. डोकं सुन्न झालेलं असतं. अशा वेळी थेट भाषण लिहायला बसू नका. आधी आठवेल ते कागदावर उतरवा: कशावरून चिडायचे, फोन उचलल्यावर पहिला शब्द कोणता असायचा, खिशात कायम काय सापडायचं. क्रम नको, पूर्ण वाक्यंही नकोत.

मग दोन-तीन जणांना फोन करा. भावंडं, जुना मित्र, बरोबर काम केलेलं कोणी. 'एक आठवण सांगा,' एवढंच विचारा. नावं आणि सालंही तेव्हाच तपासून घ्या.

आता निवड करा, सगळी मेहनत इथे आहे. 'प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू' हे कोणाबद्दलही म्हणता येतं. वडिलांबद्दल लिहिताना मी आधी 'काटकसरी' असं लिहिलं होतं. मग ते खोडलं आणि लिहिलं, की पेन्सिल बोटांत धरता येईनाशी झाली की बाबा ती जुन्या पेनच्या नळीत खोचायचे आणि आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडायचे. हे वाचलं तेव्हा मागच्या रांगेतले काका हसले आणि हसता हसताच डोळे पुसू लागले.

असे दोन-तीन प्रसंग पुरेत. शिक्षण, नोकरी एका वाक्यात आटपा. उणीदुणी काढू नका, पण माणसाला देवही करू नका. तापट होते हे समोरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. नातं अवघड असेल तर खरं वाटतं तेवढंच बोला, थोडकं.

3 ते 5 मिनिटं, म्हणजे साधारण 350 ते 500 शब्द. घड्याळ लावून मोठ्याने वाचा. जिथे घसा दाटतो तिथे खूण करा आणि ते वाक्य लहान करा.

अक्षर मोठं, कागदाच्या एकाच बाजूला, पानांवर आकडे. मोबाइलवरून वाचू नका, नेमका तेव्हाच स्क्रीन काळा होतो. एक प्रत जवळच्या कोणाकडे द्या. तुम्हाला जमलं नाही तर पुढचं ते वाचतील.

उभं राहिल्यावर नाव आणि नातं सांगा, सावकाश सुरुवात करा. रडू आलं तर माफी मागू नका. थांबा, घोटभर पाणी प्या, अर्धवट राहिलेलं वाक्य पहिल्यापासून वाचा. लोक थांबतात.

तो कागद नंतर जपून ठेवा. ज्यांना येता आलं नाही, ते मागतील.