जुन्या आयमॅकवरील परवानगीच्या त्रुटी पुन्हा पुन्हा येत असतील तर

जुन्या आयमॅकवर 'डिस्क युटिलिटी' उघडून 'रिपेअर डिस्क परमिशन्स' हे बटण दाबले, दहा-पंधरा मिनिटे वाट पाहिली, दुरुस्ती पूर्ण झाल्याचा संदेशही वाचला, आणि दुसऱ्या दिवशी पाहावे तर त्रुटींच्या त्याच ओळी पुन्हा हजर, असा अनुभव अनेकांना येतो. अशा वेळी आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी: ही यादी आणि आपल्या फाइली न उघडण्याचा त्रास यांचा बहुतेक वेळा एकमेकांशी संबंध नसतो. यादी कोरी व्हावी म्हणून तेच बटण दाबत राहिल्यास वेळ जातो आणि खरे दुखणे तसेच राहते. येथील कृती मुख्यतः २००९ च्या स्नो लेपर्डसाठी, म्हणजे मॅकच्या ओएस एक्स या प्रणालीच्या १०.६ या आवृत्तीसाठी आहे. पुढच्या आवृत्त्यांत जेथे फरक पडतो तेथे तसे सांगितले आहे. २०१४ च्या योसेमिटी आवृत्तीपर्यंत हे बटण मिळते. २०१५ च्या एल कॅपिटनमध्ये प्रणालीच्या फाइलींना मुळातच संरक्षण दिले गेले आणि बटण काढून टाकण्यात आले.

हे बटण नेमके काय करते? ॲपलच्या इन्स्टॉलरमधून एखादा संच बसवला की त्यातील फाइलींची एक पावती संगणकावर राहते. कोणत्या फाइलीचा मालक कोण, तिचा गट कोणता, ती वाचण्याची, लिहिण्याची व चालवण्याची मुभा कोणाला, हे सारे त्या पावतीत नोंदलेले असते. डिस्क युटिलिटी पावती आणि प्रत्यक्ष फाइल ताडून पाहते व फरक आढळल्यास पावतीप्रमाणे बदल करते. म्हणजेच ज्यांची पावती नाही त्या फाइलींना, अर्थात आपली पत्रे, छायाचित्रे, गाणी आणि आपण स्वतः ओढून ठेवलेले प्रोग्रॅम यांना, ती हातही लावत नाही.

वारंवार येणाऱ्या ओळींपैकी बऱ्याच निरुपद्रवी असतात. 'वॉर्निंग: एसयूआयडी फाइल' अशी सुरुवात होऊन ती फाइल बदललेली आहे व दुरुस्त केली जाणार नाही असे सांगणारी ओळ, किंवा 'एसीएल फाउंड बट नॉट एक्स्पेक्टेड' ही ओळ, खुशाल सोडून द्यावी, असे संदेश दुर्लक्षिले तरी चालतात हे ॲपलनेही आपल्या मदतपत्रात सांगितले होते. पुढच्या एखाद्या अद्ययावतीकरणात फाइल बदललेली असते आणि जुनी नोंद तिच्याशी जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आता खऱ्या त्रासाकडे वळू. माझ्या मावशीच्या आयमॅकवर 'पिक्चर्स'मधील एका फोल्डरवर लाल वर्तुळात आडवी पांढरी रेघ दिसत होती आणि तो उघडू गेल्यास परवानगी नसल्याचा संदेश येत होता. परवानग्यांची दुरुस्ती तीनदा करूनही फरक पडला नव्हता. तो फोल्डर निवडून कमांड आणि आय ही बटणे एकत्र दाबली आणि माहितीच्या खिडकीतील 'शेअरिंग अँड परमिशन्स' हा सर्वांत खालचा भाग उघडला. तेथे 'रीड अँड राइट'समोर माझ्या खात्याचे नाव होते आणि 'एव्हरीवन'समोर 'नो ॲक्सेस'. लग्नाची छायाचित्रे मी माझ्या खात्यातून, प्रशासकाचा पासवर्ड देऊन, तिच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. संगणकाच्या दृष्टीने ती माझीच राहिली होती.

एखाददुसऱ्या फोल्डरची अशी अडचण असेल तर त्याच खिडकीतील कुलपावर टिचकी मारून प्रशासकाचा पासवर्ड द्यावा, अधिक चिन्हाने योग्य व्यक्तीचे नाव जोडून तिला 'रीड अँड राइट' द्यावे, दातेरी चाकाच्या यादीतून तिला मालक करावे आणि शेवटी त्याच यादीतील 'अप्लाय टू एन्क्लोज्ड आयटम्स' निवडावे. हा शेवटचा पर्याय फक्त आपल्या स्वतःच्या फोल्डरवर वापरावा. संपूर्ण डिस्कवर, 'सिस्टम'वर किंवा 'लायब्ररी'वर तो चालवल्यास संगणक सुरूच न होण्याची पाळी येते आणि मग प्रणाली नव्याने बसवावी लागते. दुसरे असे की 'डॉक्युमेंट्स', 'डेस्कटॉप' यांसारख्या मूळ फोल्डरांवर 'एव्हरीवन'समोर 'कस्टम' लिहिलेले दिसते. तो दोष नव्हे, फोल्डर चुकून पुसला जाऊ नये म्हणून केलेली सोय आहे. ती नोंद काढून टाकू नये.

संपूर्ण होम फोल्डरच, म्हणजे आपल्या खात्याचा मुख्य फोल्डर, बिघडला असेल, म्हणजे सेटिंग टिकत नसतील आणि प्रत्येक फाइल हलवताना पासवर्ड मागितला जात असेल, तर आधी दुसऱ्या डिस्कवर प्रत काढावी. मग स्नो लेपर्डची डीव्हीडी घालून, सी हे बटण दाबून धरून संगणक सुरू करावा, भाषा निवडावी आणि वरच्या पट्टीतील 'युटिलिटीज'मधून 'रिसेट पासवर्ड' उघडावे. नाव पाहून बिचकू नये. डिस्क व खाते निवडून, पासवर्डच्या चौकटी रिकाम्याच ठेवून, तळाशी असलेल्या होम फोल्डरच्या परवानग्या पूर्ववत करणाऱ्या ओळीसमोरचे 'रिसेट' दाबावे. स्नो लेपर्डनंतरच्या लायनपासून योसेमिटीपर्यंत डीव्हीडी लागत नाही: सुरू होताना कमांड आणि आर धरून 'रिकव्हरी'त जावे, 'टर्मिनल' उघडावे आणि 'रिसेटपासवर्ड' हा शब्द लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहून रिटर्न दाबावे, तीच खिडकी समोर येते.

बाहेरच्या डिस्कची गोष्ट सोपी आहे. ओएस एक्स मालकाचे नाव नव्हे, क्रमांक पाहते; पहिल्या खात्याला ५०१, दुसऱ्याला ५०२ असे क्रमांक मिळतात. त्यामुळे एका संगणकावरचा ५०१ दुसऱ्या संगणकावर भलताच कोणी ठरतो. डिस्कच्या माहितीच्या खिडकीत तळाशी 'इग्नोर ओनरशिप ऑन धिस व्हॉल्यूम'समोर खूण केली की काम होते. विंडोजवर एनटीएफएस पद्धतीने तयार केलेल्या डिस्कवर मात्र मॅक मुळात लिहीतच नाही, फक्त वाचतो. तेथे परवानग्यांशी झटू नये. दोन्हीकडे चालणारी डिस्क हवी असल्यास तिच्यावरील मजकूर आधी दुसरीकडे हलवून ती एक्सफॅटमध्ये नव्याने तयार करावी. त्यासाठी मॅकवर १०.६.५ किंवा पुढची आवृत्ती लागते.

हे सारे करूनही त्रुटी परत येत असतील, शिवाय संगणक मध्येच अडखळत असेल किंवा डिस्कमधून टकटक ऐकू येत असेल, तर संशय थेट डिस्कवरच घ्यावा. डिस्क युटिलिटीत डावीकडे सर्वांत वर असलेले, निर्मात्याचे नाव व क्षमता दाखवणारे नाव निवडल्यावर खाली 'स्मार्ट स्टेटस', म्हणजे डिस्कने स्वतःच्या प्रकृतीविषयी दिलेला निर्वाळा, दिसते. 'व्हेरिफाइड' असेल तर डीव्हीडीवरून किंवा रिकव्हरीतून संगणक सुरू करून 'रिपेअर डिस्क' चालवावे. हे बटण परवानग्यांच्या बटणाहून वेगळे असून डिस्कवरील नोंदवहीच तपासते. दुरुस्ती शक्य नाही असा संदेश आला, किंवा मुळातच 'फेलिंग' दिसले, तर दुरुस्तीचा आणखी एकही प्रयत्न न करता आधी सर्व फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. 'फेलिंग' असलेली डिस्क बदलावी. एरवी ती पूर्ण पुसून प्रणाली नव्याने बसवता येते.